मोठा बुडबुडा की बारीक? सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडण्याचं गणित

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय तसा नाक मुरडायला लावणारा आहे, पण ऐकून घ्या, कारण पैसा आपल्याच खिशातला जातो आणि पाणी आपल्याच नदीत जातं. विषय आहे सांडपाण्याच्या टाकीत तळाशी बसवलेल्या हवेच्या नळ्या. त्यातही मोठे बुडबुडे सोडणाऱ्या. इंजिनिअर मंडळी त्याला ‘कोअर्स बबल’ म्हणतात. आपण मोठा बुडबुडा म्हणू.

परतवाड्यात आता अपार्टमेंट झाले, दवाखाने झाले, मंगल कार्यालयं झाली. मोठं बांधकाम म्हटलं की सांडपाण्याचा छोटा प्लँट आला. प्लँट आला की कोटेशन आलं, आणि कोटेशनमध्ये एक ओळ हमखास असते : डिफ्यूझर, इतके नग. बारीक बुडबुड्याचे की मोठ्या? बहुतेक वेळा त्या ओळीकडे कोणी पाहतच नाही. पुढची दहा वर्षं विजेचं बिल किती येणार, आणि घाणीच्या टाकीत माणूस उतरवावा लागणार की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच ओळीत ठरलेलं असतं.

हवा लागतेच कशाला?

सांडपाणी स्वच्छ करतात ते जिवाणू. यंत्र फक्त त्यांची सरबराई करतं. पाण्यातली घाण हे त्यांचं खाणं, आणि ते पचवायला त्यांना प्राणवायू लागतो. तो मिळाला तर ते घाण खातात, वाढतात, गोळा होऊन तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं. नाही मिळाला तर दुसऱ्या जातीचे जिवाणू ताबा घेतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो वास आला की समजायचं, टाकीचा श्वास कोंडला आहे.

ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१४ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी ती मांडली. त्यांना दिशा दाखवणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे ही विद्या आपल्या देशात यायला फार वेळ लागला नाही. गल्लीबोळातल्या प्लँटपर्यंत पोचायला मात्र लागला.

आता आपल्या गावाचा अंदाज घेऊ. परतवाडा अचलपूर नगरपरिषदेत येतं. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या एक लाख बारा हजारांच्या आसपास होती. शहरासाठीचा सरकारी निकष माणशी रोज १३५ लिटर पाण्याचा, आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात. त्या निकषाने हिशोब केला तर रोजचं सांडपाणी एक कोटी वीस लाख लिटरच्या घरात जातं. उतार कुठे आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. सापन आणि बिच्छनकडे. तिथून पुढे पूर्णा, आणि पूर्णेतून तापी. आपण इथे सोडलं ते खालच्या गावाच्या वाट्याला जातं, इतकी ही सरळ गोष्ट आहे.

गुळाचा खडा आणि चुरलेला गूळ

चहात गुळाचा अख्खा खडा टाका आणि तेवढाच गूळ चुरून टाका. चुरलेला लवकर विरघळतो, कारण त्याला पाणी जास्त जागी लागतं. हवेचंही तसंच आहे.

दोन सेंटिमीटरचा एक बुडबुडा घ्या. त्याच हवेचे दोन मिलिमीटरचे बुडबुडे केले तर हजार होतात, आणि पाण्याला लागणारा पृष्ठभाग दहापट होतो. प्राणवायू त्या पृष्ठभागातूनच पाण्यात उतरतो. म्हणून बारीक बुडबुडा, म्हणजे साधारण एक ते तीन मिलिमीटरचा, प्राणवायू देण्यात हुशार असतो.

स्वच्छ पाण्याच्या चाचणीत चार मीटर खोलीला बारीक बुडबुड्यातला सुमारे २५ टक्के प्राणवायू पाण्यात विरघळतो. मोठ्या बुडबुड्यातला १० ते १२ टक्के. बाकीचा वर येऊन हवेत निघून जातो.

हे ऐकून कोणीही म्हणेल, मग मोठा बुडबुडा बसवायचाच काऊन? थांबा. खरी गोष्ट इथेच सुरू होते.

चाचणी स्वच्छ पाण्यात होते, टाकीत घाण असते

सांडपाण्यात साबण असतो, कपड्यांचा सर्फ असतो, तेल असतं. हे पदार्थ बुडबुड्याभोवती एक पातळ पडदा धरतात आणि प्राणवायूची वाट अडवतात. बारीक बुडबुड्याला हा पडदा जास्त त्रास देतो. मोठा बुडबुडा डचमळत, आकार बदलत वर येतो, त्यामुळे त्याचा पडदा फाटत राहतो. परिणामी, स्वच्छ पाण्याच्या मानाने बारीक बुडबुड्याची ताकद घाण पाण्यात साधारण ४० ते ६० टक्क्यांवर येते, तर मोठ्याची ६० ते ८५ टक्क्यांवर राहते.

म्हणजे कागदावर अडीचपट दिसणारा फरक टाकीत दीडपट-पावणेदोनपट होतो. कोटेशनमध्ये कोणी फक्त स्वच्छ पाण्याचा आकडा दाखवत असेल तर एवढंच विचारायचं, ‘साहेब, घाण पाण्यात किती धरलाय?’

पण पावणेदोनपट म्हणजे किती रुपये?

रोज दहा लाख लिटर सांडपाण्याचा एक प्लँट धरू. म्हणजे नऊ-दहा हजार वस्तीचा. घाण मध्यम, चार मीटर खोल टाकी. जिवाणूंना रोज साधारण २५० किलो प्राणवायू लागेल. एक घनमीटर हवेत प्राणवायू असतो सुमारे २८० ग्रॅम.

बारीक बुडबुड्याने प्रत्यक्षात १२ टक्के प्राणवायू उतरला असं धरलं तर ताशी सुमारे ३१० घनमीटर हवा लागते. मोठ्याने ७ टक्के उतरला तर ताशी ५३०. नेहमीच्या रूट्स ब्लोअरवर याचा अर्थ साधारण साडेसहा किलोवॅट विरुद्ध अकरा किलोवॅट. दिवसाला फरक शंभर युनिटच्या वर, वर्षाला चाळीस हजार युनिटच्या आसपास. युनिट आठ रुपयांनी धरा, तीन लाखांहून जास्त झाले. दर वर्षी.

हे हिशोबासाठी धरलेले आकडे आहेत, तुमच्या टाकीचे वेगळे येतील. पण कल कळतो. मुख्य टाकीत, जिथे जिवाणूंना पोटभर प्राणवायू द्यायचा आहे, तिथे सगळीकडे मोठे बुडबुडे सोडले तर बिल अंगावर येतं. मग ब्लोअर दिवसातून सहा तास चालतो, मग फक्त तपासणीच्या दिवशी चालतो, आणि शेवटी प्लँट कुलपात जातो. छोट्या गावातले प्लँट बंद पडण्यामागे यंत्र मोडणं हे एक कारण असतं, न परवडणारं बिल हे दुसरं.

मग मोठा बुडबुडा कुठे?

टाकीचं काम काय आहे, हे आधी विचारायचं. प्राणवायू भरायचा आहे, की ढवळायचं आहे? पिठलं करताना हात थांबला की खाली लागतं. काही टाक्या अशाच असतात, तिथे सतत ढवळणं हेच मुख्य काम.

पहिली, इक्वलायझेशन टाकी. सकाळी सात ते दहा सगळ्यांच्या आंघोळी, रात्री काहीच नाही. ही चढउताराची गर्दी सपाट करायला सांडपाणी आधी या टाकीत साठवतात. इथे पाणी अगदी कच्चं असतं. जाळीतून सुटलेले केस, चिंध्या, गुटख्याच्या पुड्या, माती. बारीक भेगांचं रबर इथे टिकत नाही, भेगा भरून जातात. मोठा बुडबुडा सोडणाऱ्या नळीची भोकं पाच ते दहा मिलिमीटरची असतात, ती सहजासहजी बुजत नाहीत. हवाही फार लागत नाही. टाकीतल्या दर घनमीटर पाण्यामागे ताशी पाऊण घनमीटरच्या आसपास हवा ढवळायला पुरते. पाचशे माणसांच्या सोसायटीत रोजचं सांडपाणी ५४ घनमीटर होतं. तिची इक्वलायझेशन टाकी वीस घनमीटरची धरली तर ताशी पंधरा घनमीटर हवा झाली.

दुसरी, गाळाची टाकी. इथे घट्ट गाळ असतो. तो बसला की कुजतो. त्याला हलतं ठेवायला दर घनमीटरला ताशी सव्वा ते अडीच घनमीटर हवा लागते. प्राणवायूची गरज याहून कमीत भागते. म्हणजे ढवळण्यासाठी जी हवा सोडायचीच आहे, तिच्यातच जिवाणूंचं पोट भरतं. मग बारीक बुडबुड्याची हुशारी वाया जाते.

तिसरी, प्लास्टिकच्या चकत्या भरलेली टाकी, जिला एमबीबीआर म्हणतात. जिवाणू त्या चकत्यांवर घर करतात. चकत्या सतत फिरत्या ठेवायला जोरदार उसळी लागते, आणि तळाची नळी दुरुस्त करायची तर आधी सगळ्या चकत्या उपसाव्या लागतात. म्हणून तिथे न बुजणारी, न फाटणारी स्टीलची नळीच बरी. आणि चौथी जागा, गाळणीच्या पडद्यांची टाकी, एमबीआर. तिथे पडद्यांवर बसलेला गाळ खरवडून काढायला मोठे बुडबुडेच लागतात.

थोडक्यात, पोट भरायचं तिथे बारीक, ढवळायचं तिथे मोठा. एकाच प्लँटमध्ये दोन्ही असतात, आणि तसेच असायला हवेत.

जगानेही हा धडा दोनदा घेतला. सुरुवातीच्या प्लँटमध्ये सच्छिद्र मातीच्या फरश्यांतून बारीक हवा सोडत. त्या बुजायच्या. शिवाय वीज स्वस्त होती, म्हणून लोक मोठ्या बुडबुड्याकडे वळले. १९७३ च्या तेलसंकटानंतर वीज महागली आणि पुन्हा बारीक बुडबुड्याकडे मोर्चा वळला, या वेळी भेगांच्या रबरासह. विजेचा दर आणि बुजण्याचा त्रास, या दोन पारड्यांत हे तराजू आजही झुलतं.

वऱ्हाडातली वेगळी गणितं

पुस्तकातले आकडे बहुतेक वीस अंश तापमानाचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. यातून तीन गोष्टी होतात.

एक, गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, पस्तीस अंशाला सातच्याही खाली. दोन, गरम हवा विरळ असते. वीस अंशाच्या मानाने पंचेचाळीस अंशाला ब्लोअर तेवढीच घनमीटर हवा ओढतो, पण वजनाने सुमारे आठ टक्के कमी. तीन, उष्णतेत जिवाणूंची भूक वाढते. म्हणजे जेवणारे वाढले आणि वाढप कमी झालं. ब्लोअर निवडताना हिशोब मे महिन्याचा करा, पुण्याच्या जानेवारीचा नको.

आणखी एक. हवा दाबली की तापते. पंचेचाळीस अंशाची हवा चार मीटर खोलीसाठी दाबली की ब्लोअरमधून बाहेर पडताना शंभर अंशांच्या घरात जाऊ शकते. त्या तोंडाशी पीव्हीसीचा पाइप लावला तर तो मऊ पडतो, वाकतो, सांध्यातून सुटतो. म्हणून पाण्याच्या वर धातूचा पाइप, आणि पाण्याखाली गेल्यावरच प्लास्टिक. तेही उतरता पाइप पाण्याच्या पातळीखाली बऱ्यापैकी गेल्यावर. पाण्याखाली साधा लोखंडी पाइप मात्र नको, कारण गंजाचे पापुद्रे सुटून नळीत अडकतात.

बोअरचं जड पाणी हाही आपला प्रश्न. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तसाच क्षार बारीक भेगांच्या तोंडाशी धरतो. मोठ्या भोकाला त्याचा त्रास बराच कमी.

आणि लाइट. लाइट गेली की हवा थांबते. रबराच्या भेगा तेव्हा आपोआप मिटतात, हा त्यांचा गुण. पण वर गाळ बसतो. मोठ्या भोकाच्या नळीत पाणी आणि गाळ आत शिरतो. म्हणून चांगल्या नळीची बनावट पाहा. ती पालथ्या पन्हाळीसारखी असते, खालून उघडी, बाजूला भोकं. लाइट आली की हवा आत शिरलेलं पाणी आणि गाळ खालच्या उघड्या तोंडातून ढकलून देते आणि मग बाजूच्या भोकांतून निघते. नुसत्या भोकं पाडलेल्या बंद पाइपात हा निचरा होत नाही. दोन्ही कोटेशनमध्ये ‘कोअर्स बबल’ असंच लिहिलेलं असतं. फरक विचारल्याशिवाय कळत नाही.

बसवताना लेव्हल, चालवताना डोळे

हवा आळशी असते, जिथे पाणी कमी खोल तिथून निघते. एक नळी दुसरीपेक्षा दोन सेंटिमीटर वर राहिली तरी हवा तिच्यातूनच जास्त जाईल आणि खालची उपाशी राहील. म्हणून सगळ्या नळ्या एका लेव्हलमध्ये, अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरच्या आत. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी याला पुरते. टाकी भरण्याआधी नळ्यांवर वीतभर पाणी ठेवून हवा सोडून पाहा. कुठून येते, कुठून येत नाही, डोळ्यांनी दिसतं. हे काम ठेकेदाराचं बिल काढण्याआधी करायचं, नंतर नाही.

रोजच्या देखभालीला इंजिनिअर लागत नाही. टाकीच्या काठावर उभं राहायचं आणि पाहायचं. सगळीकडे सारखी उकळी दिसली की ठीक. एकाच जागी मोठं उसळतंय, तर तिथे पाइप सुटला किंवा फुटला. एखादा कोपरा शांत, तर तिथली नळी बुजली किंवा लेव्हल गेली.

दुसरं, ब्लोअरवरचा दाबाचा काटा. चार मीटर पाण्याला काटा ०.४ च्या थोडा वर राहतो. पाण्याची पातळी तीच असताना काटा हळूहळू चढत असेल तर काहीतरी बुजतंय. अचानक उतरला तर गळतंय. आठवड्यातून एकदा तो आकडा वहीत लिहा. सहा महिन्यांची वही कुठल्याही तज्ज्ञापेक्षा जास्त सांगते.

सगळ्यात महत्त्वाचं : टाकीत माणूस उतरवायचा नाही

बुजलेली नळी काढायला एखाद्या गरजू माणसाला पाचशे रुपये देऊन टाकीत उतरवतात. सडक्या अंड्याच्या वासाचा तो वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणूस तिथेच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. देशभर असे मृत्यू वारंवार झालेत. गटार आणि सेप्टिक टाकीत विनासुरक्षा माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. हवा सुरू असलेली टाकीही धोक्याची असते. बुडबुड्यांनी भरलेलं पाणी हलकं पडतं, त्यात पोहणाऱ्यालाही तरंगणं जड जातं. म्हणून कठडा आणि जवळ दोरीची रिंग हवीच.

मोठ्या बुडबुड्याच्या बाजूने माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा हाच. जिथे घाण सगळ्यात कच्ची आणि गाळ सगळ्यात घट्ट, तिथे न बुजणारी नळी बसवली तर खाली उतरायची वेळच क्वचित येते. मुख्य टाकीत बारीक बुडबुडे असतील, तर ते वरून उचलता येणाऱ्या चौकटीवर बसवून घ्या. रबर पाच ते दहा वर्षांत बदलावं लागतं. चौकट साखळीने वर ओढायची, काठावर रबर बदलायचं, परत सोडायची. थोडे पैसे जास्त जातात. पण टाकी रिकामी करायला नको आणि माणूस धोक्यात घालायला नको.

बुडबुडा हा एकच मार्ग नाही

जिथे जमीन आहे आणि विजेचा भरवसा नाही, तिथे उथळ तळ्यांची पद्धत आहे. ऊन आणि शेवाळ मिळून प्राणवायू देतात, ब्लोअर लागत नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने अशा तळ्यांवर जुनं काम केलेलं आहे. आणि शुद्ध केलेल्या पाण्याला किंमत असते, हेही नागपूरनेच दाखवलं. भांडेवाडीच्या प्लँटमधलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तेवढं चांगलं पाणी धरणात वाचतं. ज्या वऱ्हाडात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात आणि पूर्णेकाठी खारपाणपट्टा आहे, तिथे हे पाणी नाल्यात सोडून देणं परवडणारं नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये किंवा दवाखान्याच्या बांधकामात ते कोटेशन समोर आलं तर पाच प्रश्न विचारा. कोणत्या टाकीत कोणता बुडबुडा, आणि काऊन? घाण पाण्यात किती प्राणवायू धरला? ब्लोअर मे महिन्याच्या हिशोबाने आहे का? लाइट गेल्यावर नळीतला गाळ कसा निघणार? आणि दुरुस्तीला कोणाला खाली उतरावं लागणार आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर सही करू नका.

भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी जपून वापरा.